ग्वाल्हेरचे शून्य आणि आजोबांची कॅसेट

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडच्या वाटेने चढू लागले, की मध्येच अखंड खडकात कोरलेले एक लहानसे देऊळ लागते. त्याचे नाव चतुर्भुज मंदिर. वर मानमंदिराचे निळे टाइलकाम खुणावत असते, त्यामुळे बहुतेक लोक या देवळाकडे न पाहताच पुढे निघून जातात. पण त्याच्या भिंतीवर इसवी सन ८७६ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. मजकूर अगदी घरगुती हिशेबाचा. देवासाठी फुलबाग करायला २७० हात लांबी आणि १८७ हात रुंदीची जमीन दिली, आणि देवाला रोज ५० हार मिळावेत अशी व्यवस्था केली, असे त्यात लिहिले आहे. त्यातले २७० आणि ५० हे आकडे आपण आज लिहितो त्याच पद्धतीने, शेवटी वाटोळे शून्य देऊन कोरलेले आहेत.

जगातले सर्वांत जुने शून्य ते हेच, असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, पण पूर्ण विश्वासही ठेवू नये. कंबोडियातल्या एका शिलालेखात इसवी सन ६८३ चे शून्य ठिपक्याच्या रूपात सापडले आहे, आणि बख्शालीच्या भूर्जपत्रांवरची शून्ये किती जुनी, यावर २०१७ पासून विद्वानांत वाद चालू आहे. तरीही दगडावर, वर्ष घालून, आजच्या पद्धतीने लिहिलेले शून्य पाहायचे तर पावले ग्वाल्हेरकडेच वळवावी लागतात.

संगणकाच्या सदरात हे पुराण कशाला, असे वाचकांना वाटेल. आजचा विषय आहे मल्टिमीडिया. आवाज, चित्र, अक्षर, हलते चित्र हे सगळे एकाच डबीत कसे मावते, आणि ते मावावे म्हणून माणसाने काय काय खटपट केली, याची ही गोष्ट आहे. तिच्यात पात्रे दोनच, शून्य आणि एक. आणि ती सांगायला ग्वाल्हेरसारखे दुसरे गाव नाही. शून्याच्या या गावाला आवाज जपण्याचेही वेड आहे. शिवाय आपल्या भागाचे त्या गावाशी नाते जुने. इचलकरंजी, मिरज, कुरुंदवाड, बेळगाव या पट्ट्यात जे गाणे रुजले, त्याचे बी ग्वाल्हेरहून आलेले आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. मल्टिमीडिया म्हणजे अनेक माध्यमे एकत्र. हे काही संगणकाने आणलेले नवल नव्हे. कीर्तनकार बुवा उभे राहतात, तेव्हा गाणे, गोष्ट, अभिनय, टाळ-मृदंग सारे एकाच वेळी चालते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तर एकेक चित्र समोर धरून, वाद्याच्या साथीने, रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगत आले. चित्र आणि आवाज यांचा मेळ आपल्याकडे असा मुरलेला होता. संगणकाने दोन गोष्टी नव्या केल्या. एक, सगळ्या माध्यमांचे रूपांतर एकाच वस्तूत, म्हणजे आकड्यांत केले. आणि दुसरे, पुढचे चित्र केव्हा उलटायचे हे ठरवण्याचा अधिकार चित्रकथीच्या हातून काढून बघणाऱ्याच्या हाती दिला. बुवांना आपण मध्येच थांबवून ‘तो अभंग पुन्हा म्हणा’ असे सांगू शकत नाही. माऊसला सांगू शकतो.

एकेकाळी संगणकाच्या दुकानात ‘मल्टिमीडिया किट’ नावाचा एक खोका मिळायचा. त्यात सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर असत. संगणक तोवर मुका होता, चुकले की फक्त ‘पीं’ करायचा. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर नावाचे कार्ड आणले आणि घरगुती संगणकाला कंठ फुटला. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांनी मिळून मल्टिमीडिया संगणक कशाला म्हणावे याची व्याख्याच केली. २ एमबी मेमरी, ३० एमबीची हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड एवढे असले, की झाला मल्टिमीडिया संगणक. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्या २ एमबी मेमरीत मावणार नाही. १९९३ साली मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा हा ज्ञानकोश सीडीवर आला. पक्ष्याच्या नावावर टिचकी मारली, की पक्षी ओरडायचा. ते पाहायला शेजारपाजारची मुले जमायची. २००९ साली एन्कार्टा बंद झाला. आणि मल्टिमीडिया हा शब्दही हळूहळू मागे पडला, कारण ज्या फोनवर आवाज आणि चित्र नाही असा फोनच उरला नाही.

पण हे सगळे आकड्यांत बसते कसे?

इथे पुन्हा ग्वाल्हेरला जाऊ. तिथे एक आख्यायिका सांगतात. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ हे दोघे भाऊ शिंद्यांच्या पदरी वाढत होते. दरबारात बडे मोहम्मद खाँ म्हणून एक जबरदस्त तानबाज गवई होते, पण ते आपली तान कोणाला शिकवीत नसत. तेव्हा महाराजांनीच या दोघा पोरांना पडद्याआड बसवून त्यांचे गाणे ऐकवण्याची सोय केली. पोरांनी कित्येक महिने ते कानात साठवले, आणि एके दिवशी भर दरबारात तीच गायकी गाऊन दाखवली. बडे मोहम्मद खाँ संतापले, ते संतापणारच. गाण्याची पायरसी एमपीथ्रीपासून सुरू झाली असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, एक गोष्ट तिच्यातून कळते. आवाज साठवायचे एकच यंत्र तेव्हा होते, ते म्हणजे माणसाचा कान.

पुढे कागद आला. पंडित भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर या दोघांनी आपापल्या स्वरलिपी तयार केल्या. महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघाले, ते भातखंड्यांच्याच पद्धतीचे. स्वरलिपी म्हणजे काय, तर वाहत्या आवाजातून ठरावीक जागी ठरावीक खूण उचलणे. कोणत्या मात्रेवर कोणता स्वर, एवढे ती सांगते. पण दोन स्वरांमधली मींड, गमकेचा धक्का, एखाद्या अक्षरावर दिलेले वजन हे तिच्या चाळणीतून निसटते. म्हणून तर नुसत्या पुस्तकावरून कोणी गवई झालेला नाही.

संगणकही हेच करतो, फक्त त्याची चाळणी भलतीच बारीक असते. मायक्रोफोन आवाजाच्या थरथरीची वीज करतो. संगणक त्या विजेचा जोर मोजून आकडा मांडतो. सेकंदातून एकदा नाही, दहादा नाही, तर सीडीसाठी ४४,१०० वेळा. एका मात्रेला एक खूण करणाऱ्या स्वरलिपीशी ही संख्या ताडून पाहा! इतक्या घाईने मोजल्यावर दोन खुणांमध्ये मींड निसटायला फट राहत नाही. हा ४४,१०० चा आकडा उगीच निवडलेला नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते, आणि ज्या कंपनाला पकडायचे त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजले तर मूळ आवाज पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या दोन इंजिनिअरांच्या कामातून हे गणित पक्के झाले. टेलिफोनवर ‘स’ की ‘फ’ हे कळत नाही, त्याचे कारणही हेच. जुन्या डिजिटल टेलिफोन व्यवस्थेत आवाज सेकंदाला ८,००० वेळाच मोजतात, आणि वरच्या कंपनांतली ‘स’ची शीळ गळून जाते.

चित्राचेही असेच. आयाबायांना ठिपक्यांची रांगोळी ठाऊक आहे. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे आकडा. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या संशोधकाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो संगणकात घातला. ठिपके होते १७६ उभे आणि १७६ आडवे. त्याच १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून १७ सेकंदांचे संगीत वाजवून घेतले. म्हणजे संगणकाचे डोळे आणि गळा यांची एकाच वर्षी सुरुवात झाली म्हणायची.

आता अडचण आली ती जागेची. हिशेब करू. सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ शून्य-एकांचा, आणि डाव्या-उजव्या कानासाठी दोनदा. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० शून्ये आणि एक. तासाभराच्या मैफलीला सुमारे ६३५ एमबी लागतात. १९९४-९५ साली घरातल्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क अनेकदा एवढीच असायची. त्या वेळच्या टेलिफोनच्या तारेवरून ५ मिनिटांचे गाणे मागवायचे, तर २८.८ च्या मोडेमवर चार तासांहून अधिक वेळ लागला असता, आणि मधेच फोन वाजला की सगळे पहिल्यापासून. चलचित्राची तर गोष्टच सोडा. आजच्या एचडी पडद्याचे एका सेकंदाचे चित्र, काही न गाळता साठवायचे, तर सुमारे १५५ एमबी होते.

ही कोंडी ज्यांनी फोडली, त्यांतला एक माणूस आपल्या शेजारचा निघाला. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा, इंजिनिअरिंगचे शिक्षणही तिथलेच. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांना एक गणिती युक्ती सुचली. संशोधनासाठी पैसे मागितले, तर कल्पना फार सोपी आहे म्हणून अर्ज नाकारला गेला. नाउमेद न होता त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम पुढे नेले आणि जानेवारी १९७४ मध्ये तो निबंध छापून आला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म असे तिचे भारदस्त नाव. सोपे करून सांगायचे तर असे: चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ छटा किती आणि बारीक नक्षी किती, याची वेगवेगळी मोजणी करायची. ढोबळ छटेला डोळा फसत नाही, म्हणून ती नीट ठेवायची. बारीक नक्षीतले थोडे गाळले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही, तिथे काटकसर करायची. जेपीईजी फोटो याच युक्तीवर चालतो. व्हीसीडी, डीव्हीडी, यूट्यूब, लग्नाच्या अल्बमपासून वॉट्सॲपवरच्या ‘शुभ सकाळ’पर्यंत सगळीकडे ही युक्ती किंवा तिची भावंडे आहेत. चलचित्रात आणखी एक काटकसर करतात. गवई बैठकीवर बसलेला असतो, मागचा पडदा हलत नाही, हलतो तो फक्त हात. मग पडदा दर वेळी नव्याने कशाला साठवायचा? जेवढे बदलले तेवढेच लिहायचे. दर सोमवारी अख्खी यादी न लिहिता ‘मागच्यासारखेच, फक्त साखर दोन किलो’ असे वाण्याला सांगावे, तसे.

आवाजासाठी एमपीथ्री आले. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ते घडवले, आणि १४ जुलै १९९५ रोजी फाइलीच्या नावाला ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावायचे ठरले. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, यावर सारी भिस्त. जत्रेत ढोल वाजत असताना बांगड्यांची किणकिण ऐकू येते का? मग ती साठवायची कशाला, असा सरळ व्यवहार. फाइल अकरा पट लहान झाली. चार तासांचे काम पंचवीस मिनिटांच्या आत आले. गंमत म्हणजे हे यंत्र कसाला लावताना ब्रांडेनबर्गना सर्वांत जास्त छळले ते सुझान व्हेगा या गायिकेच्या बिनसाथीच्या गाण्याने. एकट्या गळ्यात लपवायला ढोल कुठून आणणार? त्यांच्याकडे आपल्या तंबोऱ्याची जोडी असती, तर आणखी काही महिने लागले असते असे मला वाटते. जवारीतून जो गुंजारव उठतो तो सगळा बारीक, वरच्या कंपनांचा. आणि स्वस्तातल्या एमपीथ्रीत पहिली कात्री तिथेच लागते. ख्याल ऐकताना तंबोरा पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा वाटला, तर दोष नेहमी तंबोऱ्याचा नसतो.

प्रत्येक यंत्राने गाण्याला असे काही ना काही माप लावले आहे. भारतात गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. गौहरजान तेव्हाच्याच. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची. ज्या ग्वाल्हेर गायकीची अष्टांगे उलगडायला तास अपुरा पडावा, ती तीन मिनिटांत कोंबायची! आपल्या भागाला जवळचे उदाहरण रहिमत खाँ यांचे. हे हद्दू खाँचे चिरंजीव. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे हे स्वतः हद्दू खाँकडे शिकलेले. त्यांनी या लहरी गवयाला सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्यांच्या मैफली केल्या. रहिमत खाँ शेवटी कुरुंदवाडला राहिले आणि १९२२ साली तिथेच वारले. उतारवयात, १९२० च्या सुमारास, त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. तेवढ्यामुळे हद्दू खाँच्या घरातला आवाज आज आपल्याला ऐकू येतो. खरखर आहे, गाणे सुरू होते न होते तोच संपते, तरी तो आवाज आहे. त्यांचे वडील कसे गात, हे मात्र फक्त गोष्टींतून कळते. ग्वाल्हेरहून विद्या घेऊन येऊन मिरज-इचलकरंजीला ती शिकवणारे बाळकृष्णबुवा, ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँकडे शिकलेले आणि बेळगावात बराच काळ राहिलेले रामकृष्णबुवा वझे, यांच्या पिढीचे जे थोडे उरले ते अशा तबकड्यांवर, शिष्यांच्या गळ्यात, नाहीतर आठवणींच्या पुस्तकांत.

तबकडीनंतर १९४८ साली लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. आकाशवाणी आली. ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित, ज्यांनी १९१४ साली वडिलांच्या नावे शंकर गांधर्व विद्यालय काढले, ते १९८९ पर्यंत हयात होते, त्यामुळे त्यांचा आवाज रेडिओच्या टेपांवर भरपूर उतरला. मुलगा फोनोग्राफच्या जमान्यात वाढला आणि सीडी बाजारात आल्यानंतर वारला. एकाच माणसाच्या आयुष्यात एवढी यंत्रे येऊन गेली.

आणि मग १९६३ साली फिलिप्सने काढलेली कॅसेट. माझ्या मते आपल्या घरांत खरा मल्टिमीडिया आणला तो संगणकाने नव्हे, कॅसेटने. तोवर आपण नुसते ऐकणारे होतो. कॅसेटवर लाल बटण होते. ते दाबले की कोणीही ध्वनिमुद्रण करणारा. धारवाड, सांगलीच्या केंद्रांवरची नाट्यगीते रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना ‘गप्प बसा’ म्हणून दटावून कितीतरी घरांत टेप झाली. गल्लीतल्या गणपतीपुढचे गाणे, बारशाला आजीने म्हटलेला पाळणा, बुवांचे कीर्तन, परगावच्या मुलाला पाठवलेली ‘बोलती चिठ्ठी’ हे सारे त्या तपकिरी फितीवर आहे. त्यात कूकर शिट्टी घालतो, कोणी दार वाजवते, मध्येच आजोबा खाकरतात. कंपनीच्या तबकडीत हे कधी मिळणार नाही.

आज ग्वाल्हेरला नवे दिवस आले आहेत. माहिती तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन शिकवणारी, अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची मोठी संस्था तिथे १९९७ पासून आहे. वाजपेयी मूळ तिथलेच. राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत आणि कला विद्यापीठ आहे. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीताचे शहर’ म्हणून आपल्या यादीत घेतले. बंदिशी यूट्यूबवर आहेत. मुले फोनवर तीच तान दहादा मागे नेऊन ऐकतात, वेग निम्मा करून ऐकतात. पडद्याआड बसण्याची गरज उरली नाही. याबद्दल नाक मुरडणारे जाणते लोक आहेत, त्यांच्यात मी नाही. खानापूरच्या मुलीला ग्वाल्हेरची बंदिश घरबसल्या ऐकायला मिळते, हे चांगलेच आहे. फक्त हस्सू-हद्दूंनी पडद्याआड बसून जे केले ते कानाने केले, आणि ऐकलेले दुसऱ्यांदा मिळणार नाही या धास्तीने केले. दहादा ऐकता येते म्हटल्यावर पहिल्यांदा ऐकताना लक्ष किती असते, हे ज्याचे त्याने तपासावे.

नवी गोष्ट आणखी एक आहे आणि ती जरा अंगावर काटा आणणारी. आवाज एकदा आकडे झाला, की आकडे जुळवून नवा आवाजही करता येतो. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाकडून घडवून घेतले. त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. सगळेच तसे करतील असे नाही. उद्या रहिमत खाँचा आवाज तासभराचा ख्याल गाताना ऐकू आला, तर आश्चर्य वाटायला नको. तो खरा की बनवलेला हे ओळखायला आपल्याजवळ काय असेल? ती खरखरीत तबकडी. मूळ वस्तूची किंमत यंत्रे हुशार होत जातील तशी वाढतच जाणार आहे.

तेव्हा वाचकहो, आता माळ्यावरच्या त्या पत्र्याच्या डब्याकडे वळू. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. फितीवरचा चुंबकी थर सुटू लागतो, फीत फितीला चिकटते, आणि एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर पुसट उमटतो. गाणे सुरू होण्याआधीच त्याची सावली ऐकू येते ती यामुळे. थांबून त्या कॅसेट सुधारत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेने त्या सीडीवर उतरवून घेतल्या, त्यांनीही एकदा त्या सीडी लावून पाहाव्यात. स्वस्तातल्या, घरी भरलेल्या सीडीचा रंगीत थर काही वर्षांतच फिका पडू लागतो. शिवाय आता नव्या लॅपटॉपला सीडी घालायला खाचच नसते. त्या काळी हौसेने बनवलेल्या फ्लॅशच्या सीडी तर आहेत पण नाहीत, कारण फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले.

काम अवघड नाही. चालू टेप डेक, त्याच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनला जाणारी तार, आणि ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम, एवढ्यावर भागते. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबीला लावायची छोटी डबी मिळते. आधी डेकचे हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. बुरशी दिसत असेल तर मात्र ती डेकमध्ये घालू नका, माहीतगाराकडे द्या. उतरवताना एमपीथ्री करू नका. वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात साठवा. फ्लॅकमध्ये एकही आकडा न गाळता जागा जवळपास निम्मी लागते. तासाच्या शंभर कॅसेट वेव्हमध्ये ठेवल्या तरी ६४ जीबीच्या आत बसतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला त्यावरून हवी तर वेगळी एमपीथ्री काढा. खरखर काढून ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होईल. ती कारागिरी प्रतीवर करा, मुळावर नको. खरखरीबरोबर तंबोराही पुसला जातो. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मुलाकडे.

आणि फाइलीला नाव देताना ‘ट्रॅक ०१’ ठेवू नका. कोण गाते आहे, तबल्यावर कोण, कोणाच्या घरी, कोणत्या वर्षी, कोणत्या निमित्ताने हे लिहा. हे सांगू शकणारे माणूस घरात असेल, तर उतरवण्याचे काम त्यांना शेजारी बसवून करा. त्यांना राग ओळखू येत नसेल, पण मध्येच ‘वाहवा’ म्हणणारा आवाज शेजारच्या वकीलकाकांचा आहे हे ते चटकन सांगतील.

डेक नसेल तर नव्याच्या शोधात फार पैसे घालवू नका. जुने डेक बहुधा बिघडलेले नसतात, आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो. रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एखाददुसरे म्हातारे कारागीर बहुतेक गावांत अजून दुकान उघडतात. त्यांच्याकडे पट्टा बदलून मिळतो. आवाज जड आणि ओढल्यासारखा येत असेल तर गती तपासून द्या म्हणावे, कारण त्या गतीत उतरवलेले आजोबा दीड स्वर खाली गातील.